डोहाळे की आजार?

प्रश्न : दहावा आठवडा चालू आहे. घोटभर पाणीही पोटात ठरत नाही. शेजारी तांबड्या रश्श्याला फोडणी पडली की मोरीकडे पळते. ५२ किलोंची ४८ झाले. सासूबाई म्हणतात, "डोहाळेच की!" दोन दिवस सलाईन लागलं, विमा कंपनीनं क्लेम नाकारला.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अगं, उलट्यांनी वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं की ते डोहाळे नव्हेत, आजार: हायपरेमेसिस ग्रॅव्हिडारम, म्हणजे गरोदरपणातल्या अति उलट्या. आलं-लिंबू चाटून तो हटत नाही (मलाही आईनं तेच चाटवलं होतं). ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) दिलं का, डॉक्टरांना बिनधास्त विचार. बऱ्याच पॉलिसींत बाळंतपणाच्या कलमाखाली हे वगळतात. म्हणून नकार लेखी घे, डिस्चार्ज कार्डावर आजाराचं नाव लिहवून घे. कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात दाद लागली नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल आहेत. नोकरी करतेस? १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात अशा आजारासाठी महिनाभर जादा पगारी रजा होती; नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे.