जग बदललं तरी कॅथलिक लोक चर्चची जुनी शिकवण का सोडत नाहीत?

तुम्ही विचारलंय की शिकलेसवरलेले कॅथलिक लोकसुद्धा गर्भनिरोधन, गर्भपात, घटस्फोट या विषयांवर चर्च पूर्वी म्हणायचं तेच आजही का धरून बसतात, आजूबाजूच्यांचा दबाव येत नाही का, आणि उद्या पोपनेच सगळं बदललं तर काय करणार. मी कॅथलिक आहे, लग्नाला अठरा वर्षं झाली, दोन मुलं आहेत, म्हणून माझ्यापुरतं सांगते.

दबाव येतो. पण तुम्हाला वाटतो तसा कोणी दरडावून वगैरे आणत नाही, तो काळजीपोटी येतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर डॉक्टरांनी सांगितलं की आता लगेच मूल नको, आणि आम्ही दोघांनी ठरवलं की पाळीच्या चक्रातले दिवस ओळखून तेवढे दिवस लांब राहायचं, कारण चर्चला तेवढंच मान्य आहे. रोज सकाळी उठल्या उठल्या शरीराचं तापमान मोजायचं, कागदावर मांडायचं, महिनोन्महिने हेच चाललेलं. डॉक्टर म्हणाल्या कशाला एवढा त्रास करून घेताय, मैत्रिणी म्हणाल्या तुझ्या नवऱ्याचा तरी विचार कर, सगळ्या अगदी प्रेमाने बोलत होत्या. एका फादरांना विचारलं तर तेही म्हणाले, एवढं मनावर घेऊ नका, आजकाल कोणी पाळत नाही. सगळ्यात जास्त ते लागलं मला. बाहेरचे बोलतात तेव्हा माणूस तयारीत असतो, पण ज्यांच्याकडे आधार मागायला जावं तेच सोडून दे म्हणाले की फार एकटं वाटतं.

तरी का धरून राहिलो, याचं पहिलं कारण म्हणजे ही शिकवण माझी नाहीये. मी ती बनवली नाही, त्यामुळे गैरसोय झाली म्हणून मोडायचा हक्कही माझा नाही. आणि खरं सांगायचं तर पोपचाही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या (वरिष्ठ धर्मगुरूंच्या) मोठ्या सभेने, 1965 मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्या वचनाचा सेवक आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं पोप म्हणजे कंपनीचा मालक, त्याने ठरवलं की पॉलिसी बदलली. आमच्याकडे तो राखणदार आहे, जे सांभाळायला दिलंय ते पुढच्याच्या हातात द्यायचं एवढं त्याचं काम.

1968 चंच बघा ना. गर्भनिरोधक गोळी आलेली, सगळं जग बदलाची वाट बघत होतं, पोपसाठी नेमलेल्या कमिशनमधल्या बहुतेकांनीसुद्धा 1966 मध्ये सांगितलेलं की बदल करायला हरकत नाही. पोप सहावे पॉल यांनी दोन वर्षं घेतली आणि जुलै 1968 मध्ये पत्रक (एन्सिक्लिकल, म्हणजे पोपचं शिकवणीबद्दलचं मोठ्या अधिकाराचं पत्र) काढून नाही म्हणाले. केवढा गदारोळ झाला, किती धर्मशास्त्रज्ञांनी जाहीर विरोध केला, काही देशांच्या बिशपांनीही अशी निवेदनं काढली की वाचणाऱ्याला वाटावं ज्याने त्याने आपलं ठरवावं. त्यानंतर ते दहा वर्षं जगले पण त्या दर्जाचं दुसरं एकही पत्रक त्यांनी काढलं नाही. टाळ्या मिळवायच्या असत्या तर हो म्हणणं किती सोपं होतं त्यांना.

आता दुसरं कारण, आणि माझ्यासाठी हे जास्त मोठं आहे. 1930 मध्ये अँग्लिकन (कॅथलिकांपासून वेगळा झालेला इंग्लंडमधला ख्रिस्ती पंथ) बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने काही परिस्थितींत गर्भनिरोधनाला मान्यता दिली, तोवर जवळजवळ सगळ्याच ख्रिस्ती पंथांचा त्याला विरोध होता. त्याच वर्षी 31 डिसेंबरला पोप अकरावे पायस यांचं विवाहावरचं पत्रक आलं आणि त्यात गर्भनिरोधनाला नकार होता. लोक इथे थांबतात आणि म्हणतात बघा, मागासलेले. पण त्याच पत्रकात आणखी एक नकार आहे, तो कोणी सांगत नाही. त्या काळात सुशिक्षित, पुढारलेल्या लोकांचं आवडतं मत होतं की 'कमी प्रतीच्या' माणसांची सरकारने सक्तीने नसबंदी करावी. 1927 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅरी बक नावाच्या एका गरीब तरुणीची जबरदस्तीने नसबंदी करायला परवानगी दिली, आठ विरुद्ध एक. तो एक न्यायाधीश, पिअर्स बटलर, कॅथलिक होता. पोपच्या पत्रकाने म्हटलं की ज्याने काही गुन्हा केलेला नाही त्याच्या शरीरावर सरकारचा असा हक्क नाही. 1933 मध्ये जर्मनीत नाझींनी सक्तीच्या नसबंदीचा कायदा आणला, मग अपंग आणि मनोरुग्णांना मारून टाकायला सुरुवात केली, आणि ऑगस्ट 1941 मध्ये म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी भर चर्चमध्ये उभं राहून प्रवचनात सांगितलं की हा खून आहे. सगळे कॅथलिक असे धीराने वागले असं मी अजिबात म्हणणार नाही, कितीतरी गप्प बसले आणि ती आमच्यासाठी लाजेची गोष्ट आहे. पण जे बोलले त्यांनी काही नवीन शोधून काढलं नव्हतं, माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे आणि त्याचं शरीर ही कोणाची मालमत्ता नाही ही जुनीच शिकवण होती.

म्हणून कोणी मला म्हणतं ना की आज सगळे समजूतदार लोक अमुक म्हणतात, तेव्हा मला ते आठ न्यायाधीश आठवतात. याचा अर्थ आजचे सगळे लोक त्यांच्यासारखे क्रूर आहेत असं नाही हं, माझ्या मैत्रिणी माझ्यापेक्षा चांगल्या वागतात कितीदा. पण एखादं मत त्या काळात सगळ्यांना पटतं एवढ्यावरून ते खरं ठरत नाही, आणि गर्भातल्या बाळाच्या बाबतीत मला आज तेच पुन्हा होताना दिसतं.

पण एक गोंधळ आमचेच लोक करतात तोही सांगायला हवा. जुनं ते सगळंच अटळ सत्य असं चर्च कधीच म्हणत नाही. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असेल तर मध्यरात्रीपासून काही खायचं नाही, 1957 मध्ये ते तीन तासांवर आलं आणि 1964 मध्ये एका तासावर. तो नियम होता, बदलला. पाद्रीने लग्न न करणं हाही नियमच आहे, पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चेसमध्ये लग्न झालेले पाद्री आहेत. विवाह मरेपर्यंतचा आहे, निष्पाप जीव घेऊ नये, हे मात्र नियम नव्हेत, तिथे हात लावायचा कोणाला अधिकारच नाही. जे लोक दोन्ही एकाच पिशवीत टाकतात, मग ते सगळं बदला म्हणणारे असोत किंवा काहीच बदलू नका म्हणणारे, ते माझ्यासारख्या साध्या माणसांचं फार नुकसान करतात.

तुम्ही म्हणाल मग धर्मस्वातंत्र्याबद्दल 1965 मध्ये सूर बदलला, कॅटेकिझममधला (चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकातला) परिच्छेद 2018 मध्ये बदलून मृत्युदंड मान्य नाही असं लिहिलं, ते काय? हा प्रश्न मला सगळ्यात कठीण वाटतो आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. पाचव्या शतकात लेरॅन्सच्या संत विन्सेंटने लिहिलंय की शिकवण वाढते, पण मुलाचं शरीर मोठं होतं तशी, माणूस तोच राहतो. पुढे न्यूमन या इंग्रज धर्मशास्त्रज्ञांनी, जे तेव्हा कॅथलिक होण्याच्या उंबरठ्यावर होते, 1845 मध्ये यावरच एक पूर्ण पुस्तक लिहिलं. मी लावते ती कसोटी अशी, की नवीन शब्दांमुळे जुनं तत्त्व आणखी खोल गेलं की उलटं झालं? मृत्युदंडाच्या बाबतीत माणसाच्या प्रतिष्ठेचं तत्त्व आणखी पुढे नेलं असं मला दिसतं. उद्या कोणी म्हणालं की विवाह मोडता येतो, तर ते मूल मोठं होणं नाही, तो दुसराच माणूस झाला. आणि पोपचं म्हणाल तर तसं होईल असं मी मानत नाही, ख्रिस्ताने दिलेल्या वचनावर माझा विश्वास आहे, पण एखादा पोप गोंधळात टाकणारं बोलला तर? चौथ्या शतकात कितीतरी बिशप एरियसच्या, म्हणजे येशू देवाच्या बरोबरीचा नाही या, मताकडे झुकले होते, त्याला विरोध करणाऱ्या बिशप संत अथानासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, आणि तरी तो चर्च सोडून गेला नाही. मीही जाणार नाही.

किंमत मोजावी लागते हे खरं. माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मोडलं, तिने कोर्टात दुसरं लग्न केलं, त्या दिवशी मी तिच्या घरी गेले पण लग्नाला उभी राहिले नाही. दीड वर्ष ती बोलत नव्हती. मी बरोबर केलं का यावर मी रात्री जागून विचार केलाय. आता येते ती, मिस्साला शेवटच्या बाकावर बसते, चर्चच्या दृष्टीने पहिलं लग्न अजून टिकून असल्यामुळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत नाही, आणि तिला तिथे बसलेलं बघून माझ्या पोटात तुटतं. तिच्या पहिल्या लग्नाची चौकशी आता चर्चच्या न्यायालयात चालू आहे, ते लग्न मुळात वैध होतं का हे तिथे तपासतात, मी कागदपत्रं गोळा करायला तिच्याबरोबर फिरतेय. शिकवण मानणं म्हणजे बहिणीला दार बंद करणं असं कोणी मला शिकवलेलं नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, ती तुमचेच प्रश्न विचारते, जास्त कडक शब्दांत. मागच्या आठवड्यात तिला बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचायला दिला, जिथे लोक म्हणतात हे बोलणं कठीण आहे आणि बरेच शिष्य सोडून जातात, आणि येशू त्यांना परत बोलवायला आपलं म्हणणं सौम्य करत नाही, उलट पेत्रासकट आपल्या बारा जवळच्या शिष्यांना विचारतो, तुम्हीही जाता का? तिने वाचलं आणि म्हणाली, पेत्रालासुद्धा पटलं नव्हतं ना गं आई, तो फक्त म्हणाला आम्ही कोणाकडे जाऊ. मी म्हटलं हो, त्याला त्या वेळी किती समजलं होतं कोणास ठाऊक, पण तो राहिला. त्यावर आमचं बोलणं अजून संपलेलं नाही.