'एलियन' चित्रपटमालिकेतला यंत्रमानव बिशप एवढा लक्षात का राहतो?

कारण त्याच्यावर विश्वास ठेवायला नायिका रिप्लीइतकाच वेळ आपल्यालाही लागतो. १९७९च्या पहिल्या चित्रपटात अ‍ॅश हा यंत्रमानव उलटला होता, म्हणून १९८६च्या 'एलियन्स'मध्ये बिशप काय आहे हे कळताच ती बिथरते. कळतं कसं, तेही बघण्यासारखं: हडसन या सैनिकाच्या पंजावर आपला पंजा ठेवून बिशप बोटांमधून सुरी सपासप नाचवतो, आणि नंतर त्याच्या बोटावर पांढरा थेंब दिसतो. रक्त नाहीच!

पुढे अरुंद पाइपातून सरपटत जाऊन दुसरं यान खाली उतरवतो तोच. शेवटी यान जागेवर दिसत नाही, तेव्हा रिप्ली त्यालाच शिव्या घालते (आपणही घालतो). एलियन्सच्या राणीने मधोमध फाडल्यावरही उरलेल्या धडाने तो न्यूट या लहान मुलीला धरून ठेवतो. अभिनेता लान्स हेन्रिक्सनने त्याला मवाळ, जरा अवघडलेला ठेवलाय. खरी गंमत तिथेच आहे.