नाण्याची ग्रेड, म्हणजे ते किती झिजलंय किंवा किती जपलं गेलंय हे, ओळखायला घरच्या घरी कसं शिकायचं?

एकाच प्रकारची तीन-चार नाणी गोळा करा. मराठवाड्यात निजामाचा चारमिनारचा चांदीचा रुपया सोयीचा, जुन्या घरांत अजूनही निघतो. एक पार झिजलेला, एक मधला, एक जवळपास कोरा. कोरा परवडत नसेल तर एखाद्या जाणत्या संग्राहकाकडे बसून बघा. हीच तुमची मापं. नाण्याची ग्रेड सांगणारे १ ते ७० चे शेल्डनचे आकडे नंतर शिका.

दिवा एका बाजूला ठेवा, दहापटीचं भिंग घ्या आणि नाणं कलतं करत न्या. चारमिनारच्या कमानीत 'ऐन' हे उर्दू अक्षर दिसेल, शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावातल्या 'उस्मान'चं पहिलं. झीज आधी उंच भागांवर येते, म्हणून नजर तिथेच ठेवा.

मी बरेच दिवस कच्च्या ठशालाच झीज समजत होतो. फरक असा: ठसा नीट बसला नसेल तर नक्षी पुसट असते, पण मूळ चकाकी टिकून राहते. झिजलेल्या उंचवट्यावर ती मेलेली असते.

आणि कृपा करून चिंच-राखेने घासू नका! काळपट थर गेला की किंमतही जाते.