काट्यावरचा राग

चि. बाळा, आशीर्वाद.

फोनवर ट्रॅक्टरच्या आवाजात तुझं निम्मंच ऐकू आलं, म्हणून लिहितोय. "माणसं उगाच अंगावर येतात," म्हणालास. कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर पस्तीस वर्षं बसलो, भो. उगाच आलेला एकही आठवत नाही.

तुझ्या अंगावर आलेला तो शेतकरी रात्रभर थंडीत गाडीवर झोपलेला. सकाळी तू कापसात मीटर खुपसलंस, ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला, गाडी बाजूला. हातातोंडाशी आलेलं गेलं की माणूस उसळतो. येल विद्यापीठात डोलार्ड या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1939 मध्ये हेच मांडलं: वाट अडली की वैफल्य, त्यातून आक्रमकता. सरसकट तसं होत नाही, हे बर्कोविट्झ या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने नंतर दाखवलं. ऊन, दुखणं, अपमान, नकोसं वाटणारं काहीही माणसाला चिडायला तयार करतं. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर तासभर थांब, पुस्तक लागणार नाही.

आता तुझा वाटा. "काय घाई आहे?" असं तू विचारलंस, त्याला "तुझी लायकी काय?" असं ऐकू आलं. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉजला आक्रमक मुलांत हीच खोड दिसली: चुकून धक्का लागला तरी मुद्दाम मारला असं वाचायचं. पण तूही त्याचा वर गेलेला हात तसाच वाचलास ना? तो ताडपत्री ओढत होता, असं तूच सांगितलंस.

माझंही ऐक. एकदा मी एका हमालाच्या कानाखाली वाजवली. धाकटा तेव्हा डबा घेऊन आला होता. संध्याकाळी ओट्यावर तो बहिणीला मारत होता, शिव्यासुद्धा माझ्याच, त्याच क्रमाने. बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1961 मध्ये बाहुलीला बडवणारी मोठी माणसं लहान मुलांना दाखवली, मुलांनी हुबेहूब तेच केलं. मला तो प्रयोग घरीच पाहायला मिळाला. त्या हमालाची माफी मागायला मला आठ दिवस लागले.

आणि ते जिममध्ये पिशवीवर बुक्क्या मारून राग काढणं बंद कर. बुशमन या मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये तपासलं: चिडवणाऱ्याला आठवत बुक्क्या मारणारे जास्तच चिडले, नुसते बसून राहिलेले निवले.

पुढच्या वेळी आकडा तू वाचू नकोस. मीटर त्याच्याकडे फिरव, त्यालाच वाचू दे. आणि कापूस दोन उन्हं खाऊन आला, तर त्याची गाडी आधी घे.

तुझा,
काका