इंग्रजीत ‘डब्ल्यू-आर’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या अर्थांत काही नातं आहे का?

हो, त्यातल्या बऱ्याच शब्दांच्या मुळाशी पिळणं, मुरडणं, वाकणं हाच अर्थ आहे. कुठलाही चांगला व्युत्पत्तिकोश उघडलात की हे दिसतं. ओला टॉवेल पिळताना मनगटाकडे बघा: पिळणं म्हणजे ‘रिंग’ (wring), आणि जिथून हात मुरडतो ते मनगट म्हणजे ‘रिस्ट’. ‘रेंच’ म्हणजे हिसका देऊन पिरगाळणं (पान्याचं नावही त्यावरूनच), ‘रीथ’ म्हणजे फुलापानांचं वळून केलेलं कडं, ‘राय’ (wry) म्हणजे वाकडं, तोंड वाकडं करतो तसं. मला सर्वांत आवडतो तो ‘राँग’. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ वाकडा. आपणही चुकीच्या मार्गाला वाकडी वाटच म्हणतो! यातला ‘डब्ल्यू’ पूर्वी उच्चारला जायचा. १७व्या शतकापर्यंत तो बोलण्यातून गळाला, स्पेलिंगमध्ये राहिला.

मात्र हा नियम सरसकट लावू नका. लिहिण्याचा ‘राइट’ मुळात ओरखडण्या-कोरण्याचा, आणि नाटककाराला म्हणतात त्या ‘प्लेराइट’मधला ‘राइट’ (wright) म्हणजे कारागीर. त्याचं नातं ‘वर्क’शी आहे.