धाकट्याला इंग्लंडला फुटबॉल खेळायला पाठवू का म्हणणाऱ्या भावासाठी

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा ना, धाकटा २१ वर्षांचा, कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल टीमकडून फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायच्या जागी, खेळतो, आणि एक एजंट म्हणतोय की स्टुडंट व्हिसावर पाठवा, खालच्या लीगमध्ये ट्रायल लावतो, कॉलेज नावाला आणि क्लबचा पगार सुरू, फी साडेचार लाख. देऊ का म्हणतोस. नको देऊ.

आता सविस्तर. मी बरी (Bury) नावाच्या गावात राहतो, मँचेस्टरच्या वरच्या अंगाला, अकरा वर्षं झाली. बायको नर्स, तिच्यामागं डिपेंडंट म्हणून आलो आणि पार्सलच्या गोदामात शिफ्टा लावतो. गंमत म्हणजे तेव्हा माझ्याही व्हिसाच्या अटींत लिहिलेलं की प्रोफेशनल खेळाडू म्हणून काम करायचं नाही. माझं वजन ९२ किलो, घरात आठवडाभर हसत होतो, पण त्या एका ओळीतच तुझं सगळं उत्तर आहे बघ.

धाकट्यानं जेमी व्हार्डी या इंग्लिश फॉरवर्डची स्टोरी पाहिलेली दिसतेय. खरीच आहे ती. शेफील्ड वेन्सडे क्लबनं १६ व्या वर्षी बारका म्हणून सोडला, मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडं आठवड्याला ३० पाउंडावर, तिथनं २०१० ला हॅलिफॅक्स, २०११ ला फ्लीटवुड, २०१२ ला लेस्टरनं दहा लाख पाउंड मोजले आणि २०१६ ला प्रीमियर लीग जिंकली. पण स्टॉक्सब्रिजला असताना हा माणूस दिवसा कारखान्यात होता, मोडलेल्या हातापायाला लावायच्या पट्ट्या बनवायचा. तो कारखाना काढला की स्टोरीच उरत नाही, कारण ३० पाउंडात तेव्हाही कोण जगत नव्हतं. दुसरा फॉरवर्ड रिकी लँबर्ट, त्याचंही तेच, ब्लॅकपूल क्लबनं सोडल्यावर बीट भरायच्या फॅक्टरीत बरण्यांना झाकणं लावत होता, आणि इंग्लंडकडून पहिली मॅच मिळाली २०१३ ला, ३१ व्या वर्षी, वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध, बॉलला पहिल्यांदा डोकं लागलं आणि गोल.

म्हणजे खालच्या लीगचा फॉरवर्ड हा आधी नोकरदार असतो. प्रीमियर लीगखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, इथवर पूर्णवेळचं पोट भरतं, त्याखाली नॅशनल लीग, आणि पुढं उतरंड लागते तशी पैसे आटत जातात. आमच्या गोदामात एक पोरगा होता, आठव्या पायरीवरचा सेंटर फॉरवर्ड. मंगळवार-गुरुवार ट्रेनिंग, शनिवारी मॅच, सोमवारी लंगडत कामावर. ब्रेकमध्ये मटारची फ्रोझन पिशवी टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर धरायचा आणि तीच पिशवी संध्याकाळी घरी न्यायचा जेवणाला 😄 एका नोव्हेंबरात त्याची मॅच बघायला गेलो, आडवा पाऊस, गोलमागं आम्ही पंचवीस-तीस जण, त्यात एक कुत्रं, आणि समोरचा डिफेंडर कॉर्नरला दरवेळी याच्या बरगडीत कोपर घालतोय आणि रेफरी बघतोय भलतीकडं. त्या दिवशी गोल नाही झाला त्याचा. मे महिन्यात क्लब यादी काढतात, कुणाला ठेवलं कुणाला सोडलं, तेव्हा हा डबा खाताना फोन पालथा ठेवायचा. लीग टू मधल्या पूर्णवेळवाल्यांचंही फार वेगळं नाही, वर्षा-दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, ३० जूनला संपलं की परत फोनाफोनी. गोल आटले की विषय संपला.

पण तो इथलाच असल्यामुळं दोन्ही करू शकला, गोदामही आणि बॉलही. तुझ्या धाकट्याला नेमकं हेच करता येत नाही. पगारी खेळायचं तर इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा, त्याला एफएचं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचं, एन्डॉर्समेंट (शिफारस), त्यासाठी पॉइंट लागतात १५, आणि ते मिळतात देशाकडून किती मॅच, देशाचं फिफा रँकिंग काय, लीग कुठल्या दर्जाची, मिनिटं किती खेळला यावर. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दहा हजार लोकांसमोर हॅटट्रिक मारली तरी त्यात शून्य. इथल्या ब्लॅकबर्न क्लबचे मालक पुण्याचे वेंकीजवाले आहेत, म्हणून काय पॉइंट माफ होत नाहीत. आणि स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं, पण प्रोफेशनल खेळाडू किंवा कोच म्हणून नाही. सेमी-प्रो (अर्धवेळ पगारी) क्लबला फुकट खेळला तरी नियमात ते प्रोफेशनल धरलं जाऊ शकतं, त्यामुळं "पाकिटातनं देतील, कळत नाही कुणाला" असं एजंट म्हणत असेल तर पकडलं गेल्यावर व्हिसा धाकट्याचा जाणार, एजंटचा नाही.

सुनील छेत्रीचं माहितीय ना? २००९ ला लंडनच्या क्यूपीआर क्लबशी तीन वर्षांचं ठरलं होतं, वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या ७० त नव्हता. छेत्रीला! बायचुंग भूतिया तेवढा आला, १९९९ ते २००२ इथं आमच्या बरी क्लबकडं, तेव्हा क्लब तिसऱ्या पायरीवर. त्या काळचा भारताचा सगळ्यात मोठा फॉरवर्ड, आणि लीगमध्ये ३७ मॅच, ३ गोल. गुडघ्यानंही घात केला त्याचा. आणि क्लबचं काय झालं विचारशील तर १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाच्या घोळात फुटबॉल लीगमधनं बाहेर काढला. क्लबच्या मैदानावरनं, गिग लेनवरनं, तेव्हा रोज कामाला जायचो, गेटला लोकांनी मफलरी बांधून ठेवलेल्या.

त्याला खरंच शिकायचं असेल तर येऊ दे की, पण कोर्स बघून, बॉल बघून नाही. युनिव्हर्सिटीच्या टीमा बुधवारी आपसात खेळतात, चांगला दर्जा असतो, डिग्रीच्या विद्यार्थ्याला हौशी म्हणून खेळता येतं. मात्र राज्याच्या टीमकडून गेल्या दोन वर्षांत खेळला असेल तर यायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचार, त्या नियमातली भाषा फार चिवट आहे. आणि नुसतं खेळायचंच असेल तर साडेचार लाखात गोव्यात दोन सीझन आरामात निघतील, तिथं प्रोफेशनल लीग आहे, कोल्हापुरातनं सकाळी निघाला तर जेवायला पणजीत. आपला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप भारताकडून खेळला, तो काही इंग्लंडच्या ट्रायलमधनं नाही निघाला.

एजंटला दोनच गोष्टी लेखी माग, क्लबचं नाव आणि व्हिसाचं नाव. धड क्लब ट्रायलचे पैसे मागत नाही. उत्तर आलं की मला फोटो टाक, रात्रपाळी असते माझी, तुमच्याकडं सकाळ झाली की मी जागाच असतो.