सममिती ‘आपोआप’ मोडते, ती खरंच आपोआप का?

प्रश्न असा आहे: उत्स्फूर्त सममितीभंग (नियम सगळ्या दिशांना सारखंच वागवत असताना वस्तूने आपण होऊन एकच दिशा धरणं) समजावताना टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीचं उदाहरण देतात. पण पेन्सिल पडते ती वाऱ्याने किंवा हात हलल्यामुळे. म्हणजे कुणीतरी ढकललंच. मग ‘उत्स्फूर्त’ कसलं?

तुमची शंका रास्त आहे. डिचोलीजवळच्या एका हायर सेकंडरीत मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. पेन्सिल काढली की दरवर्षी मागच्या बाकावरून हाच प्रश्न यायचा आणि सुरुवातीला मी “तो तपशील सोडा” म्हणून वेळ मारून न्यायचो. तो तपशील नव्हताच, गोम तिथेच आहे.

ढकलणारं काहीतरी असतंच. बघायचं ते हे, की त्या ढकलण्याने फक्त दिशा ठरली, की किती जायचं तेही ठरलं?

प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून तळहाताने दाबत जा. काही वेळ ती सरळ राहते. एका ठरावीक भारापलीकडे एकदम डावीकडे नाहीतर उजवीकडे बाक धरते. (हा भार किती, ते गणितज्ञ ऑयलरने 1744 मध्ये काढलं.) बाजू कुठली, ते पट्टीतला जुना वाक किंवा तुमचा थरथरता हात ठरवतो. पण बाक किती, ते भारावर. बाजूने दिलेला धक्का दहापट हलका असला तरी बाक जवळपास तेवढाच येतो. त्याउलट कमी भारावर तोच धक्का दिलात, तर पट्टी जराशी हलून पुन्हा सरळ होते.

आता लोखंड. एकदा मुलांना घेऊन मी गावच्या लोहाराकडे गेलो, कारण आमच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरवर खिळा पुरेसा तापत नव्हता. साधा खिळा तांब्याच्या तारेला बांधला (सांडशीत धरला तर चुंबक सांडशीलाच ओढतो), भट्टीत लालभडक केला आणि दोन बोटं अंतरावर ठेवलेल्या चुंबकासमोर टांगला. खिळा ढिम्म सरळ लोंबत राहिला, जणू पितळेचा. काही सेकंद गेले, लाली पुरती विझलीही नव्हती, आणि टकन् चुंबकाला जाऊन चिकटला. भाता मारणारा लोहार म्हणाला, “लाल लोखंड चुंबक धरत नाही, हे आम्हाला ठाऊकच आहे सर.” ती सीमा 770 अंश सेल्सिअस, लोखंडाचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोखंडाचं चुंबकत्व टिकत नाही ते.

त्याच्या वर अणूंचे चुंबकीय कल चहूकडे विखुरलेले असतात. खाली आल्यावर शेजारी शेजाऱ्याच्या दिशेने वळतो. लोखंडाच्या स्फटिकात अशा सहा दिशा अगदी सारख्या सोयीच्या असतात आणि त्यातली एक निवडावी लागते. निवड पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने केली असं समजू. ते आपल्याकडे सुमारे 40 मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, मायक्रोटेस्ला त्याचा दहा लाखावा भाग). आणि थंड लोखंडाच्या एका डोमेनच्या (ज्यातले सगळे अणू एकाच दिशेला वळलेत अशा इवल्या भागाच्या) आत क्षेत्र किती? सुमारे 2 टेस्ला, म्हणजे 50 हजार पट. एवढं बळ पृथ्वीने दिलेलं असणं शक्य नाही. ते अणूंच्या आपसातल्या क्वांटम परस्परक्रियेतून येतं. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने 1928 मध्ये ते दाखवलं. पृथ्वीने फार तर बोट दाखवलं. ‘उत्स्फूर्त’ म्हणायचं ते या अर्थाने.

चुंबकापासून लांब थंड केलेला खिळा मात्र टाचण्याही धड उचलत नाही. प्रत्येक डोमेन आपापली दिशा निवडतं आणि एकमेकांचं फिटून जातं. मुलांना वाटलं, प्रयोग फसला!

म्हणजे नियम सगळ्या दिशांना सारखा, पण प्रत्यक्ष अवस्था एकाच दिशेची. नियम आणि अवस्था यांतला हा फरक मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जास्त स्पष्ट दिसतो. रस्त्यावर डावीकडून गाडी चालवायची हा कायदा, म्हणजे सममिती बाहेरूनच मोडलेली. बाजारातल्या बोळात असा नियम नाही, तरी गर्दी वाढली की जाणाऱ्यांची एक आणि येणाऱ्यांची एक अशा ओळी पडतात, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. दुपारी गर्दी पांगली की ओळीही विरतात.

बळ आतून यायला हवं ही ‘उत्स्फूर्त’ची पहिली अट. गर्दीच्या उदाहरणातच दुसरी अट आहे: संख्या. दहाएक नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचा) एकटा कण घ्या. नेहमीच्या तापमानालाच त्याची चुंबकीय दिशा उष्णतेच्या धक्क्यांनी सतत उलटत राहते, कुठलीच टिकत नाही. अमोनियाचा रेणू तर त्याहून चंचल, त्यातला नायट्रोजन तीन हायड्रोजनांच्या या बाजूला की त्या, हे कधी ठरतच नाही. ती ये-जा सुमारे 24 गिगाहर्ट्झची. खिळ्याच्या एका डोमेनमध्ये अब्जावधी अणू. ते सगळे एकदम उलटण्याची वाट बघत बसलात तर विश्वाचं वयही पुरणार नाही. काटेकोरपणे सममिती मोडते ती अनंत मोठ्या नमुन्यातच. खिळा आपल्या कामापुरता अनंत आहे.

तुमच्या मोबाइलमधल्या सिरॅमिक कपॅसिटरांतही हेच चाललेलं असतं. त्यांतलं बेरियम टायटनेट शुद्ध असेल तर सुमारे 120 अंशांखाली टायटॅनियमचा आयन स्फटिकातल्या घनाच्या मध्यावरून किंचित सरकतो, सहापैकी एका बाजूला.

हिग्जचं (मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचं) उदाहरण मुद्दाम टाळलं. तिथली गेज सममिती (एकच भौतिक स्थिती अनेक प्रकारे लिहिता येणं) ही बरीचशी आपल्या लिहिण्याच्या पद्धतीतली पुनरुक्ती असते, त्यामुळे ‘मोडली’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. त्यावर वेगळा प्रश्न टाका, सवडीने लिहितो.